समजते सगळे, पण ऐन वेळी तोंड उघडत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. तुमचे वय सत्तावीस, शिक्षण मराठी माध्यमातून, पुढे बी.कॉम., आणि नोकरी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत, टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागात. परदेशी ग्राहकांचे ई-मेल तुम्हीच वाचता आणि त्यांना उत्तरेही तुम्हीच लिहिता. पण फोन आला की घसा कोरडा पडतो, वाक्य मध्येच अडकते आणि तुम्ही फोन शेजारी बसणाऱ्या, इंग्रजी माध्यमात शिकलेल्या सहकाऱ्याच्या हातात देता. मनातली ही भीती कायमची कशी घालवावी आणि आधी व्याकरण पक्के करावे की आधी आत्मविश्वास वाढवावा, असे तुम्ही विचारले आहे. मी सोलापुरात नोकरी-व्यवसाय करणाऱ्या प्रौढांना बोलण्याचे इंग्रजी शिकवते आणि वर्गात येणाऱ्या बहुतेकांची तक्रार जवळजवळ याच शब्दांत असते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

तुमच्या प्रश्नातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे. एका रविवारी घरी एकट्या असताना ग्राहकाचा फोन आला, तो घ्यावाच लागला, आणि बोलणे 'कसेबसे निभावले' असे तुम्ही म्हणता. त्या रविवारी तुमचे व्याकरण शनिवारपेक्षा चांगले झालेले नव्हते, शब्दसंग्रहही तेवढाच होता आणि पलीकडे माणूसही तोच होता. फरक एवढाच होता, की तुमचे बोलणे ऐकायला आपल्यातले कोणी शेजारी नव्हते. यावरून मला असे वाटते, की तुम्हाला भीती इंग्रजीची फारशी नाही आणि त्या परदेशी ग्राहकाचीही नाही. आपलीच माणसे आपले इंग्रजी ऐकून आपल्याला काय समजतील, ही ती भीती आहे. हे नीट ओळखणे आवश्यक आहे, कारण व्याकरणाची आणखी दोन पुस्तके संपवली तरी शेजारच्या खुर्चीतला माणूस तिथेच बसलेला असणार आहे.

अर्थात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात आणि त्या मला इथून दिसत नाहीत. समोरच्याचे उच्चारच कळत नसतील आणि त्यामुळे तुम्ही गप्प होत असाल, तर प्रश्न बोलण्याचा नसून ऐकण्याचा आहे, आणि त्यासाठी त्या देशांतल्या लोकांचे बोलणे रोज थोडा वेळ ऐकण्याचा सराव करावा लागेल. तुमचे साहेब चारचौघांत चुका काढून बोलत असतील, तर ती कार्यालयाच्या वातावरणाची अडचण आहे आणि तिचे खापर तुम्ही स्वतःवर फोडू नये. आणि मराठीत बोलतानाही, म्हणजे नातेवाइकांच्या कार्यक्रमात, बँकेत किंवा मीटिंगमध्ये, छातीत धडधडणे, हात थरथरणे, अशा प्रसंगांची आठ-आठ दिवस आधीपासून धास्ती घेणे असे होत असेल, तर इंग्रजीचा वर्ग हा त्यावरचा उपाय नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांच्याशी बोलावे. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो आणि तो घेण्यात काहीही कमीपणा नाही. पुढचे सगळे मी तुमची अडचण इंग्रजीपुरतीच आहे असे धरून लिहीत आहे.

सोलापूरकर म्हणून तुमच्याजवळ एक भक्कम पुरावा आहे आणि प्रत्येक नव्या वर्गात मी तो आधी पुढे ठेवते. आपल्या शहरात एकाच भाषेवर दिवस काढणारा माणूस शोधावा लागतो. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतून येणाऱ्या कित्येकांच्या घरी कन्नड असते, हिंदी-उर्दू तर बाजारात सर्वत्र कानावर पडते, आणि या सगळ्यांचे एकमेकांशी व्यवहार बिनबोभाट चाललेले असतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत, कन्नड बोलणाऱ्या विक्रेत्याला 'एष्टु?' (किती?) असे विचारून, पुढची घासाघीस निम्म्या कन्नडमध्ये आणि निम्म्या मराठीत करणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. बहुधा तुम्ही स्वतःही ती केली असेल. तुमच्या कारखान्यातले तेलुगूभाषक कामगार मराठी बोलताना लिंग-वचन चुकवत असतील, पण म्हणून त्यांना कोणी अडाणी म्हणत नाही आणि तेही बोलायचे थांबत नाहीत. याचा अर्थ परक्या भाषेत चुकतमाकत बोलून काम साधण्याची क्षमता तुमच्यात आणि तुमच्या आसपासच्या माणसांत मुळातच आहे. मग ती नेमकी इंग्रजीपाशीच का अडखळते, हे पाहायला हवे.

माझ्या मते याचे मुख्य कारण असे आहे, की कन्नड किंवा तेलुगू आपल्याला माणसांकडून मिळाली आणि इंग्रजी मिळाली ती गुणपत्रिकेवर. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले, म्हणजे तुमच्या पिढीने हा विषय शाळेची सगळी वर्षे अभ्यासला. पण त्यातला फार मोठा भाग उतरवून घेणे, पाठ करणे आणि पेपर लिहिणे यांतच गेला. दहावीला 'इंग्रजी आणि गणित सुटले की जिंकलो' असे आपण घरोघरी ऐकलेले असते. शिवाय इंग्रजी बोलणाऱ्याला हुशार, मोठ्या घरचा, पुढे जाणारा समजायचे आणि न बोलणाऱ्याला मागे पडलेला, ही समजूत इतकी खोल रुजलेली आहे, की इंग्रजी वाक्यात चूक झाली तर वाक्य चुकले असे न वाटता आपली लायकी उघडी पडली असे वाटते. तुमच्या मनातला अडसर आहे तो हाच. तो तुम्ही स्वतः तयार केलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल स्वतःला दोष देण्याचेही कारण नाही.

भाषा शिकवणाऱ्यांच्या जगात हा विषय नवा नाही. १९८६ साली इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परक्या भाषेच्या वर्गात वाटणारी धास्ती मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि या धास्तीशी संबंधित तीन गोष्टी सांगितल्या: प्रत्यक्ष बोलण्याची भीती, परीक्षेची भीती आणि लोक नावे ठेवतील ही भीती. आपल्याकडे या तिन्ही एकमेकींत मिसळतात, म्हणून साधा फोनसुद्धा तोंडी परीक्षेसारखा वाटू लागतो. असे झाले की लक्ष दुभंगते. निम्मे लक्ष ग्राहकाला काय सांगायचे आहे याकडे असते आणि उरलेले निम्मे आपले बोलणे बाहेरून कसे ऐकू येत असेल याकडे. परक्या भाषेत बोलायला मुळातच पूर्ण लक्ष लागते. त्यातले निम्मे पहाऱ्यावर बसवले, तर चांगला येत असलेला शब्दही आठवत नाही.

इथे एक दिलासा देणारी गोष्ट सांगते. २००३ साली केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी भाषण करणाऱ्यांवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. आपली घबराट समोरच्यांना स्पष्ट दिसते आहे असे बोलणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात ती ऐकणाऱ्यांना त्यापेक्षा बरीच कमी जाणवत होती. आणि ही गोष्ट ज्यांना आधीच समजावून सांगितली, त्यांची भाषणे त्यांच्या स्वतःच्या आणि श्रोत्यांच्याही मते अधिक चांगली झाली. वर्गात मी याचा पडताळा अगदी साध्या रीतीने देते. एखाद्याला दोन मिनिटे इंग्रजीत बोलायला लावते, ते मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि दुसऱ्या दिवशी त्याचे त्यालाच ऐकवते. ज्या थांब्याच्या वेळी आपण जन्मभर गप्प उभे होतो असे त्याला वाटलेले असते, तो ऐकताना दोन-तीन सेकंदांचा निघतो. हा प्रयोग तुम्हीही जरूर करून पाहा, मात्र रेकॉर्डिंग त्याच दिवशी ऐकू नका. मनात खळबळ ताजी असली की माणूस स्वतःच्या चुकाच तेवढ्या मोजत बसतो.

तुमच्या बाबतीत ही भीती टिकून का राहिली आहे, याचे उत्तर फोन सहकाऱ्याकडे देण्याच्या सवयीत आहे. फोन दिला की लगेच हायसे वाटते, आणि त्या हायसे वाटण्यातून मन असा धडा घेते, की धोका खरोखरच होता आणि आपण पळालो म्हणून वाचलो. पुढच्या फोनला भीती थोडी अधिक वाढलेली असते. म्हणूनच 'आधी भीती जाऊ दे, मग बोलेन' हा क्रम मला कधीही यशस्वी होताना दिसलेला नाही. भीती असताना, तिच्यासकट, थोडेसे बोलायचे, काही भयंकर घडले नाही हे स्वतः अनुभवायचे, आणि मग ती हळूहळू ओसरते. ती कायमची जाईल असे आश्वासन मी देणार नाही, कारण उत्तम इंग्रजी बोलणाऱ्यांनाही एखाद्या मोठ्या बैठकीआधी पोटात गोळा येतो. पण ती तुमचे तोंड बंद करणार नाही, इतकी कमी नक्की होते.

बोलणे मध्येच अडकते, यामागे भीतीखेरीज भाषेच्या रचनेचेही एक कारण आहे आणि त्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. समजा तुम्हाला सांगायचे आहे: 'दोन रंगांचे टॉवेल अजून तपासणीत असल्यामुळे सगळा माल या शुक्रवारी न्हावा शेवा बंदरात पोहोचू शकणार नाही.' यातला निर्णायक भाग 'पोहोचू शकणार नाही' हा आहे आणि तो सर्वांत शेवटी येतो. इंग्रजीत मात्र कर्त्यापाठोपाठ लगेच तोच सांगावा लागतो. म्हणजे हे लांबलचक मराठी वाक्य पूर्ण होईपर्यंत डोक्यात धरून ठेवायचे आणि मग मागच्या टोकाकडून उलगडायचे, असे दुहेरी काम तुम्ही फोनवर करत असता. थांबावे लागते ते त्यामुळे, आणि थांबल्यावर भीती पुढचे काम करते. उपाय असा, की वाक्य मनातच मोडायचे आणि मुख्य बातमी आधी सांगायची: 'द फुल ऑर्डर विल नॉट रीच न्हावा शेवा धिस फ्रायडे. टू कलर्स आर स्टिल इन इन्स्पेक्शन. वुई विल शिप देम नेक्स्ट मंडे.' तीन वाक्ये, तिन्ही लहान, प्रत्येकात आधी कोण किंवा काय, मग क्रिया, मग बाकीचा तपशील. हे बोलणे बालिश वाटेल अशी शंका माझे विद्यार्थी नेहमी काढतात. व्यापाराच्या संभाषणात उलट अशीच वाक्ये चांगली ठरतात. शिवाय जगात इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांची ती मातृभाषा नाही, तेव्हा तुमच्या ग्राहकांपैकीही अनेकांना सोपे वाक्यच हवे असणार.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. व्याकरण आधी की आत्मविश्वास आधी, असा क्रम लावूच नये; कोणती चूक महाग पडते आणि कोणती पडत नाही, एवढे ठरवावे. 'चुका होऊ द्या, बिनधास्त बोला' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला अर्धवट वाटतो. 'अ' आणि 'द' यांची गल्लत झाली तर तुमच्या ग्राहकाचे काहीही बिघडत नाही. पण माल पाठवला आहे, पाठवत आहोत आणि पाठवू, या तिन्हींतला फरक तुमच्या तोंडून स्पष्ट यायलाच हवा, कारण त्यावर त्याचे पुढचे नियोजन अवलंबून असते. तेव्हा 'वुई हॅव शिप्ड', 'वुई आर शिपिंग' आणि 'वुई विल शिप' ही तीन रूपे झोपेतून उठवून विचारली तरी बरोबर येतील इतकी घोटावीत. आकड्यांचेही तसेच आहे. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर हमखास एकमेकांत मिसळतात; पंधरा म्हणताना जोर शेवटच्या भागावर द्यावा, पन्नास म्हणताना पहिल्या, आणि तरीही लगेच 'वन फाइव्ह' किंवा 'फाइव्ह झिरो' असे सुटे आकडे सांगावेत. कार्टनची संख्या असो की टॉवेलचा जीएसएम (दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन), ही खबरदारी अनुभवी लोकही घेतात. उच्चार परदेशी करण्याच्या मागे मात्र लागू नका. आपले मराठी वळण आवाजात राहिले तरी चालते. शब्दातला जोर योग्य जागी असला, शब्दाचे शेवट खाल्ले जात नसले आणि वेग आटोक्यात असला, की बोलणे नीट समजते.

सरावाबद्दल माझा एक आग्रह आहे, तो म्हणजे सराव आवाज काढून करावा. तुम्ही वर्षानुवर्षे इंग्रजी डोळ्यांनी वाचले आणि हातांनी लिहिले. 'इन्स्पेक्शन' हा शब्द तुम्ही शेकडो वेळा टाइप केला असेल, पण जिभेवर तो किती वेळा आला? ओळखीचा शब्द आणि तोंडात बसलेला शब्द यांत मोठे अंतर असते. भाषाशिक्षणात चार-तीन-दोन नावाची एक जुनी पद्धत आहे: एकच मजकूर आधी चार मिनिटांत सांगायचा, मग तोच तीन मिनिटांत आणि मग दोन मिनिटांत, शक्यतो दर वेळी वेगळ्या माणसाला. पहिल्या वेळी शब्द शोधावे लागतात, तिसऱ्या वेळेपर्यंत ते आपणहून येऊ लागतात आणि लक्ष मजकुराकडे वळते. तुमच्यासाठी मजकूर रोज तयारच असतो, कारण आज कोणता माल निघाला, कोणता अडकला आणि का, हे तुमच्याइतके कोणालाच माहीत नसते. संध्याकाळी घरी तेच सांगा. ऐकायला कोणी नसेल तर मोबाइलला सांगा. हवामान, छंद, माझे गाव असल्या विषयांवर भाषणे पाठ करण्यात वेळ घालवू नका. त्यांचा तुमच्या फोनशी काहीही संबंध नाही.

याच संदर्भात आपल्या शहराचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस मला नेहमी आठवतात. सोलापुरात १९१० साली जन्मलेला हा डॉक्टर १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेला आणि तिथे राहून चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकला. ते असामान्य होते, हे मान्यच आहे. पण त्यांच्यासमोर जखमी सैनिक होते आणि भाषा हे त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे साधन होते, एवढी गोष्ट आपणही घेऊ शकतो. वर्गात मी पाहते, की 'माझे इंग्रजी दाखवायचे आहे' अशा भावनेने उभा राहिलेला माणूस अडखळतो आणि 'याला हे समजलेच पाहिजे' या तळमळीने उभा राहिलेला, तितक्याच इंग्रजीवर, बोलून जातो. तुमच्या कामात ही तळमळ मुळातच आहे, कारण माल वेळेवर पोहोचावा म्हणून तुम्ही जिवाचे रान करता हे तुमच्या लिहिण्यातूनच दिसते.

आता शेजारच्या सहकाऱ्याबद्दल. त्याला टाळत राहण्यापेक्षा त्याच्याशी एकदा सरळ बोलावे असे मी सुचवेन. 'दादा, यापुढे डिस्पॅचचे फोन मीच घेणार आहे. मी अडखळले तरी मध्ये बोलू नका, फोन माझ्याकडून घेऊ नका. फोन झाल्यावर एखादी मोठी चूक असेल तर तेवढी सांगा,' असे मराठीतच सांगायचे. बहुतेक माणसे अशा विनंतीला चांगला प्रतिसाद देतात, कारण आतापर्यंत ते फोन घेत होते तेही तुम्हाला मदत व्हावी म्हणूनच. आणि एकदा आपण शिकत आहोत हे आपणच सांगून टाकले, की लपवण्यासारखे फारसे काही उरत नाही. समजा तो हसणारा निघाला, तर सुरुवातीचे काही आठवडे फोन घेताना स्टोअरकडे किंवा व्हरांड्यात जाऊन बोला. यात पळपुटेपणा नाही, कारण फोनवर तुम्हीच बोलत आहात. थोडी सवय झाली की हळूहळू आपल्या टेबलाशी परत या.

सुरुवात कोणत्या फोनपासून करावी हेही ठरवून घ्या. दराची ओढाताण किंवा मालाची तक्रार असलेला फोन पहिल्या आठवड्यात घेऊ नका. ज्यात तुम्हाला फक्त माहिती द्यायची आहे, म्हणजे कंटेनर कधी निघाला, कागदपत्रे कधी पाठवली, एवढेच विषय असतील ते फोन आधी घ्या. शक्य असेल तर ग्राहकाच्या फोनची वाट न पाहता तुम्हीच करा, कारण आपण केलेल्या फोनची तयारी करता येते. समोर कागदावर पूर्ण वाक्ये लिहून ठेवू नका, नाहीतर तुम्ही ती वाचत बसाल आणि त्याने मध्ये काही विचारले की गोंधळाल. ऑर्डर क्रमांक, तारखा, आकडे आणि तीन-चार मुख्य शब्द पुरेत. त्यांच्याच खाली अडल्या वेळेची तीन वाक्ये मात्र संपूर्ण लिहा: 'कुड यू से दॅट अगेन, प्लीज?', 'गिव्ह मी अ मोमेंट, आय अॅम चेकिंग', आणि 'लेट मी से इट अनदर वे'. ही वाक्ये हाताशी असली की थांबणे हे अपयश राहत नाही, ते संभाषणाचाच भाग होते. समोरच्याने काय सांगितले ते शेवटी आपल्या शब्दांत एकदा म्हणून खात्री करून घ्या आणि फोननंतर त्याच मुद्द्यांचा दोन ओळींचा ई-मेल पाठवा. लिहिण्यात तुम्ही पक्क्या आहातच, त्यामुळे बोलताना काही निसटले असेल तर ते तिथे सावरता येईल, आणि ही खात्री पाठीशी असली की पुढचा फोन घेताना हात आखडत नाही.

फोन संपल्यावर वहीत एवढेच लिहा: त्याने काय विचारले, मी काय सांगितले, काम झाले की नाही. कसे बोलले, किती वेळा अडखळले, हे पहिला महिनाभर अजिबात लिहू नका. महिन्यानंतर तीच नोंद पुढे ठेवून, ज्या वाक्यांपाशी काम खरोखर अडले तेवढीच निवडा आणि त्यांच्यापुरते व्याकरण शिका. वर्गात असाल तर ती वाक्ये शिक्षकांपुढे ठेवा, नसाल तर इथेच लिहा, मी पाहीन.